पोकरचा संच: पत्ते उत्तम, चिप्स ठीक, पुस्तिका दुरुस्त करून वाचावी अशी

मेन रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून दिवाळीच्या आधी पोकरचा संच घेतला. दोनशे चिप्स, प्लास्टिकच्या पत्त्यांचे दोन कॅट (एक लाल पाठीचा, एक निळ्या), एक डीलर बटण (पत्ते वाटणारा कोण ते दाखवणारी चकती), ॲल्युमिनियमची पेटी आणि पोकरच्या टेबलावरच्या खास शब्दांची इंग्रजी-हिंदी पुस्तिका. किंमत २,४५० रुपये. पत्ते फार चांगले आहेत, चिप्स किमतीच्या मानाने ठीक आहेत आणि पुस्तिकेत चुका आहेत. पुस्तिकेचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण पोकरचे नियम अर्ध्या तासात समजतात. टेबलावर जे शब्द उडत असतात ते कळेपर्यंत माणूस नुसते पत्ते टाकत असतो. कुठे थांबायचं, कुणासमोर थाप मारायची नाही, कशाचं वाईट वाटून घ्यायचं आणि कशाचं नाही, हे सगळं या खेळाने त्या शब्दांत साठवून ठेवलंय. म्हणून शब्द चुकीचा शिकवला की खेळच चुकीचा शिकवला जातो.

आम्ही जेलरोडला राहतो. शनिवारी संध्याकाळी पाच जण बसतो: मी, सौ., माझे मेव्हणे, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि सुट्टीला आलेली असली तर भाची. हा खेळ तिनेच आम्हाला शिकवला. पैसे लावून आम्ही खेळत नाही, कधी खेळणारही नाही. पूर्वी तीन पत्तीला चिंचोके असायचे, आता चिप्स आल्या, एवढाच फरक.

आधी पत्ते. माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छपाईत गेली. १९२५ पासून तिथे सरकारी तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात, आणि १९२८ पासून शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा. तिथे काम केलेला माणूस छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की आधी कड बघतो. कागदी पत्ता म्हणजे दोन कागद एकावर एक चिकटवलेले असतात आणि मधल्या गोंदात गडद रंग मिसळलेला असतो, दिव्यासमोर धरला तरी पलीकडचं चित्र दिसू नये म्हणून. स्वस्त पत्त्यांत तिथेच काटकसर होते. या संचातले पत्ते पूर्ण प्लास्टिकचे आहेत. मोबाइलचा टॉर्च मागून लावून पाहिला, आरपार काही दिसत नाही. दुमडून सोडला की पत्ता सरळ होतो, घडीची रेघ राहत नाही. चिवडा खाता खाता खेळलो तरी ओल्या फडक्याने पुसून घेता येतात. कागदी कॅटला एकदा तेलाचं बोट लागलं की तो पत्ता कायमचा ओळखू येतो. सुरुवातीला मात्र पिसताना फार सटकतात. दोन-तीन बैठका झाल्या की हाताला बसतात.

रुंदी ६३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या रमीच्या पत्त्यांपेक्षा थोडी जास्त. सौ.ने त्यांवर रमी खेळून पाहिली, तेरा पत्ते मुठीत मावेनात. पण टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोनच पत्ते असतात, त्यामुळे अडचण येत नाही, आणि कोपऱ्यातले आकडे मोठे असल्यामुळे मध्ये मांडलेले पाच पत्ते टेबलाच्या टोकावरून चष्मा न लावताही वाचता येतात. आमच्या वयाला ही मोठी सोय आहे.

निळ्या कॅटमध्ये मात्र दोष निघाला. पाठीवरच्या नक्षीभोवती जी पांढरी पट्टी असते, ती काही पत्त्यांवर एका बाजूला अर्धा मिलिमीटरने जास्त होती. कापताना पत्रा सरकला की असं होतं. नवख्या नजरेला दिसणारही नाही, पण ज्याला दिसेल त्याला समोरच्याच्या हातातला पत्ता पाठीवरून ओळखता येईल. याला खेळाच्या बोलीत ‘एज सॉर्टिंग’ म्हणतात आणि पुस्तिकेत हा शब्दच नाही. पोकरचा नामवंत खेळाडू फिल आयव्ही २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात याच युक्तीने पुंतो बँको या खेळात ७७ लाख पौंड जिंकला. क्लबाने पैसे दिले नाहीत. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. पत्त्यांना त्याने हात लावला नव्हता, खूण केली नव्हती. कारखान्यातून आलेली वाकडी कड फक्त ओळखली होती आणि वाटणाऱ्याला विनंती करून हवे ते पत्ते उलटे फिरवून घेतले होते. तरीही न्यायालयाने ती फसवणूकच मानली. मला हा निकाल योग्य वाटतो. कड सरळ कापणं ही छापणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती वाकडी निघाली तर तिचा फायदा न घेणं ही खेळणाऱ्याची. दुकानदाराला दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता निळा कॅट बदलून दिला, दुसरा कॅट काउंटरवरच फोडून तपासू दिला. या वागणुकीला पूर्ण गुण.

चिप्सवर ‘क्ले’ असं लिहिलंय, पण ती माती नाही. प्लास्टिकच्या आत लोखंडी चकती आहे. फ्रिजवरचं चुंबक लावलं की चिप चिकटते. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा दहा ठेवून पाहिल्या. हाताला भारदस्त लागतात, आवाज चांगला येतो. पांढरी एक, लाल पाच, निळी दहा, हिरवी पंचवीस, काळी शंभर असा हिशोब आम्ही ठरवला, कारण चिपांवर आकडे छापलेले नाहीत. शेअर बाजारात ‘ब्लू चिप’ कंपनी म्हणतात तो शब्द याच टेबलावरून गेला आहे. जुन्या संचांत पांढऱ्या आणि लाल चिपेपेक्षा निळी चिप सर्वांत मोलाची असायची. पुस्तिकेत हे बरोबर दिलं आहे.

आता पुस्तिका. पहिलीच चूक ‘ब्लाइंड’ची. हिंदी बाजूला लिहिलंय की ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. ते तीन पत्तीत. तिथे न बघता चाल खेळणाऱ्याला ब्लाइंड म्हणतात आणि सुरुवातीला सगळ्यांनी टाकायच्या रकमेला बूट. होल्डेममध्ये तसं नाही. वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघं पत्ते मिळायच्या आधीच ठरलेल्या चिप्स मध्ये टाकतात, पहिला छोटा ब्लाइंड, दुसरा मोठा. नंतर तेही सगळ्यांसारखे पत्ते उचलून बघतात. पुस्तिकेवर विसंबून मेव्हणे पहिल्या दिवशी दोन डाव पत्ते पालथेच ठेवून बसले होते. तीन पत्तीची सवय असलेल्या घरात हा गोंधळ होणारच, आणि संच विकणाऱ्याने नेमकं तेच आधी सांगायला हवं.

मोठ्या ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसलेल्याला पहिल्या फेरीत सर्वांच्या आधी बोलायचं असतं, म्हणजे चिप्स टाकायच्या की पत्ते टाकून द्यायचे ते सांगायचं असतं. त्या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात, बंदुकीच्या तोंडावर बसल्यासारखी जागा. बाकी सगळे काय करणार हे माहीत नसताना त्याला ठरवावं लागतं, म्हणून तिथे बसलेल्याने चांगलेच पत्ते असतील तर खेळावं. उलट बटण ज्याच्यासमोर असतं तो फ्लॉपनंतरच्या, म्हणजे मध्ये पहिले तीन पत्ते मांडल्यानंतरच्या, प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. सगळ्यांचं ऐकून मग आपलं सांगायचं, हा केवढा मोठा फायदा! पुस्तिका बटणाला ‘वाटणाऱ्याची खूण’ म्हणून सोडून देते. जुन्या अमेरिकेत बटणाऐवजी हरणाच्या शिंगाच्या मुठीची सुरी ठेवत आणि तिला ‘बक’ म्हणत, असं सांगतात. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याला इंग्रजीत बक पुढे सरकवणं म्हणतात, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावर बक इथेच थांबतो अशी पाटी होती. हे वाचून पोस्टमास्तरांना फार बरं वाटलं, त्यांनी आयुष्यभर टपालखात्यात हेच सांगितलं म्हणे.

फ्लॉप, टर्न, रिव्हर या तीन शब्दांवर फार वेळ घालवत नाही. मध्ये आधी तीन पत्ते, मग एक, मग एक, एवढंच. पुस्तिकेत ते ठीक आहे.

‘सेट’ आणि ‘ट्रिप्स’ मात्र एकच म्हणून दिलेत, आणि हे मला मुळीच पटलं नाही. दोन्हीत एकाच किमतीचे तीन पत्ते जमतात हे खरं. पण हातात सत्तीची जोडी आहे आणि फ्लॉपला तिसरी सत्ती आली, तर तो सेट. मध्ये एकच सत्ती दिसते, समोरच्याला संशयही येत नाही. हातात जोडी असताना फ्लॉपला सेट जमण्याची शक्यता साधारण आठ-साडेआठ वेळांत एकदा. मध्येच दोन सत्त्या पडल्या आणि तिसरी तुमच्या हातात असेल, तर ते ट्रिप्स. तेव्हा सगळं टेबल सावध असतं, आणि चौथी सत्ती कुणाकडे असली तर डाव हातातल्या दुसऱ्या पत्त्यावर ठरू शकतो. त्या दुसऱ्या पत्त्याला ‘किकर’ म्हणतात. सेटवर धीर धरून चिप्स वाढवायच्या, ट्रिप्सवर किकर बघून. दोन शब्द एक केले की हा विचारच गेला.

पत्त्यांची टोपणनावं वाचायला सगळ्यात मजा येते. हातात एक्क्यांची जोडी म्हणजे ‘पॉकेट रॉकेट्स’. ती येण्याची शक्यता २२१ मध्ये एक. राजांची जोडी ‘काउबॉइज’, राण्यांची ‘लेडीज’, गुलामांची ‘फिशहूक्स’, कारण पत्त्यावरचं इंग्रजी अक्षर गळासारखं वळलेलं. दुर्रीची जोडी ‘डक्स’, आकडा पोहणाऱ्या बदकासारखा दिसतो म्हणून. अठ्ठीची ‘स्नोमेन’. एक्का-राजा म्हणजे ‘बिग स्लिक’. दहा-दुर्रीला ‘डॉयल ब्रन्सन’ म्हणतात: या अमेरिकन खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दहा-दुर्री होती. पत्ते तसे अगदी सामान्य. आमच्याकडे सौ. ते आले की हट्टाने खेळते आणि मी तिला अडवत नाही.

‘डेड मॅन्स हँड’च्या पानावर चित्राची चूक आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या डेडवुड गावात वाइल्ड बिल हिकॉक हा नावाजलेला बंदूकबाज पत्ते खेळत असताना जॅक मकॉलने त्याला मागून गोळी घातली. त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या अशा दोन जोड्या होत्या, असं परंपरा सांगते, आणि चारही पत्ते काळे: इस्पिक आणि किलवर. पाचव्या पत्त्यावर आजही एकमत नाही. पुस्तिकेने बदाम आणि चौकटचे लाल एक्के छापलेत. ज्या पत्त्यांना मृत माणसाचं नाव आहे ते तरी नीट बघून छापायला हवे होते. छपाईत असं पान आमच्या तपासनिसाच्या हातून सुटलं नसतं.

माणसांसाठीचे शब्द पुस्तिकेने एका पानात कोंबलेत. ‘फिश’ म्हणजे कच्चा खेळाडू, ‘शार्क’ म्हणजे त्याला गिळणारा, ‘रॉक’ किंवा ‘निट’ म्हणजे खात्री असल्याशिवाय न खेळणारा, ‘मॅनियाक’ म्हणजे प्रत्येक डावात चिप्स फेकणारा. फिश आणि डाँकी हे शब्द आमच्या टेबलावर चालणार नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. शिकणाऱ्या माणसाला त्याच्या तोंडावर मासा आणि गाढव म्हणायचं नसतं. पण ‘कॉलिंग स्टेशन’ हा शब्द मला फार उपयोगी वाटतो. पुस्तिका म्हणते: कमजोर खेळाडू. एवढ्याने काही कळत नाही. एक डाव सांगतो.

मध्ये बदामाचा राजा, बदामाची नव्वी, इस्पिकची चव्वी. मेव्हण्यांकडे बदामाचा एक्का आणि बदामाची दश्शी. अजून एक बदाम आला की पाच बदाम, म्हणजे फ्लश. दोन पत्ते यायचे बाकी असताना ही शक्यता शंभरात पस्तीसच्या आसपास असते. टर्नला किलवरची दुर्री आली, रिव्हरला चौकटची सत्ती. बदाम आलाच नाही. मेव्हण्यांच्या हातात काही नाही. तरी त्यांनी राजा जमल्याचा आव आणला आणि सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. ऑल-इन. चेहरा इतका शांत ठेवला होता की मी माझे पत्ते लगेच खाली टाकले. पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला, आपले दोन पत्ते पुन्हा एकदा उचलून बघितले, म्हणाले, “बघू तरी काय आहे तुमच्याकडे,” आणि तेवढ्याच चिप्स मोजून टाकल्या. त्यांच्याकडे किलवरची नव्वी आणि अठ्ठी. नुसती नव्वीची जोडी, पण डाव त्यांचा.

ते प्रत्येक वेळी असंच करतात. हा त्यांचा कमजोरपणा असेलही, पण त्यांच्यासमोर बसलेल्यासाठी शब्दाचा अर्थ असा: या माणसाला थाप मारून घाबरवता येत नाही, तेव्हा थाप मारूच नका, चांगले पत्ते आले की बिनधास्त वाढवा, तो येणारच. भाचीने हे एका वाक्यात सांगितलं तेव्हापासून मेव्हण्यांचा खेळ सुधारला. पुस्तिकेत हे वाक्य हवं होतं.

‘बॅड बीट’ आणि ‘कूलर’ यांतही गल्लत आहे. दोन्हीला ‘वाईट नशीब’ असं लिहिलंय. तुमच्याकडे राजांची जोडी आणि समोर एक्क्यांची निघाली, तर तो तुमचा कूलर: कुणीही तुमच्या जागी असता तरी हरलाच असता. त्याच डावात रिव्हरला तिसरा राजा येऊन तुम्ही जिंकलात, तर एक्केवाल्याचा तो बॅड बीट: शंभरात ऐंशीच्या आसपास वेळा तो जिंकला असता, पण शेवटच्या पत्त्याने घात केला. जुन्या काळी लबाड लोक आधीच रचून ठेवलेला कॅट गुपचूप बदलून टाकायचे. खेळातला कॅट हाताळून ऊबदार झालेला असायचा, बदललेला गार लागायचा. त्यावरून ‘कोल्ड डेक’ आणि पुढे कूलर आला, असं म्हणतात. कूलर झाला तर स्वतःला दोष द्यायचा नाही, एवढं जरी शिकणाऱ्याला कळलं तरी त्याचा पुढचा डाव शांतपणे होतो.

ते शांत राहणं का महत्त्वाचं, ते ‘टिल्ट’ या शब्दात आहे. पिनबॉलचं यंत्र रागाने हलवलं की त्यावर टिल्ट असा दिवा लागायचा आणि खेळ बंद पडायचा. हरलेला माणूस चिडून गेलेलं परत मिळवायला वाटेल तसा खेळू लागतो, तेव्हा तो टिल्टवर गेला म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका घरात तरुण मुलाने मोबाइलवरच्या एका ॲपवर रात्री एकट्याने बसून असंच केलं. समोर माणूस नाही, थांब म्हणणारं कुणी नाही. घर अजून ते कर्ज फेडतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पुस्तिकेत टिल्टला दीड ओळ आहे. मी संच बनवणारा असतो तर तो शब्द पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापला असता, आणि शेजारी लिहिलं असतं: असं वाटू लागलं की पत्ते ठेवा आणि गच्चीवर एक फेरी मारून या.

रीतभातीचं पान मात्र छान जमलंय आणि तेवढं सगळ्यांनी मोठ्याने वाचावं. ‘स्लो रोल’: आपण जिंकलोय हे ठाऊक असताना मुद्दाम वेळ काढून पत्ते उघडणं, या खेळात याहून मोठा असभ्यपणा नाही. ‘स्प्लॅशिंग द पॉट’: चिप्स ढिगावर भिरकावणं, म्हणजे किती टाकल्या ते मोजता येत नाही. ‘स्ट्रिंग बेट’: थोड्या चिप्स टाकायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग आणखी टाकायच्या, हे चालत नाही. ‘रॅबिट हंट’: डाव संपल्यावर पुढचा पत्ता कोणता आला असता ते उलटून बघणं. घरात खुशाल करावं, भाचीला त्याशिवाय चैन पडत नाही.

चिप्सना पैशाची किंमत नसली की सगळेच पोस्टमास्तरांसारखे खेळू लागतात, ही अडचण तुम्हालाही येईल. त्यावर ‘फ्रीझआउट’ हा उपाय आहे: प्रत्येकाला सारख्या चिप्स, संपल्या की पुन्हा मिळणार नाहीत, तो बाहेर. आमच्याकडे पहिला बाहेर पडणारा चहा ठेवतो. दोनशेच्या संचात पाच जणांना चाळीस चाळीस चिप्स येतात आणि खेळ दीड-दोन तास नीट चालतो. सहापेक्षा जास्त माणसं बसणार असतील तर तीनशेचा संच मागा. त्यात पत्ते हेच, पेटी थोडी मोठी. पैसे देण्याआधी दोन्ही कॅट काउंटरवर पालथे पसरून पाठीवरची पांढरी पट्टी चारही बाजूंनी सारखी आहे का ते बघून घ्या. मी घेतला त्या दुकानात त्याला कुणी आडकाठी केली नाही.